जिल्हा बसला, राज्य अडकलं

लॅपटॉप बदलायला हवा, असं घरी सांगण्याआधी हा हिशेब एकदा करून बघा.

२९ सप्टेंबर २०१०. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात त्या दिवशी पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. गावातल्या रंजना सोनवणे यांना बारा आकडी एक नंबर मिळाला. देशातलं पहिलं आधार. तुम्ही तेव्हा बालवाडीत असाल, नाहीतर पहिली-दुसरीत. नंदुरबारच्या पोरांना स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये हा प्रश्न तोंडपाठ असतो आणि बाहेरच्यांना तो सांगताना आपली कॉलर जरा ताठ होते.

त्या दिवशी ती यादी एका कागदावर मावली असती. एप्रिल २०१६ मध्ये तिने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. एवढी यादी कम्प्युटरच्या पोटात नेमकी मावते कशी, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. मी मास कॉमवाली, माझा कम्प्युटरशी संबंध टायपिंगपुरता. प्रश्न पडला माझ्या मैत्रिणीला, आणि तिच्यामुळे मला.

ती बीएस्सी कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय सोपा वाटावा असा: एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची भलीमोठी यादी आहे, त्यात एकच नंबर दोनदा आलाय का ते शोधायचं. खरे आधार नंबर असे कुणाच्या लॅपटॉपवर गोळा करायचे नसतात, तेव्हा तिने पायथनकडूनच खोटे नंबर बनवून घेतले. बारा आकडी, पहिला आकडा दोन ते नऊ यांपैकी कुठलाही. आधारचा नंबर शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही, म्हणून. किती बनवायचे? तर २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या होती १६,४८,२९५. तेवढे. शिवाय हजार नंबर तिने मुद्दाम दोनदा घातले, शोध बरोबर लागतो की नाही ते कळायला.

एक्सेलमध्ये ही फाइल उघडायचा प्रयत्न तुम्ही केलात, तर पहिला धक्का तिथेच बसेल. एक्सेलच्या एका शीटमध्ये जास्तीत जास्त १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे अख्खा नंदुरबार जिल्हा एका शीटवर बसत नाही, जवळपास सहा लाख माणसं बाहेर राहतात. हसू नका, असं खरोखर घडलंय. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने कोरोनाचे रिपोर्ट एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये घेतले. त्यात ६५,५३६ च ओळी मावायच्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून २ ऑक्टोबरपर्यंत १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस मोजणीतून गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. ६५,५३६ हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

पायथनला ओळींची अशी मर्यादा नाही. तिने फाइल उघडली, सगळ्या ओळी एका लिस्टमध्ये भरल्या, शोध लावला. काही सेकंदांत काम झालं. जिल्हा बसला.

मग तिने केलं ते आपल्यापैकी बरेच जण करत नाहीत. पुढे जाण्याआधी हिशेब केला. लिस्टने किती जागा घेतली, हे सांगणारी एक सोय पायथनमध्ये आहे, गेटसाइझऑफ नावाची. तिने विचारलं, उत्तर आलं १४ एमबीच्या आसपास. महाराष्ट्राची लोकसंख्या त्याच जनगणनेत ११,२३,७४,३३३, म्हणजे जिल्ह्याच्या ६८ पट. चौदा गुणिले अडुसष्ट, साधारण एक जीबी. लॅपटॉपला रॅम आठ जीबी. बसायलाच पाहिजे!

नाही बसलं. आधी ब्राउझर गोठला, मग माउस, मग सगळंच. हार्ड डिस्कचा दिवा नुसता पेटलेला. शेवटी पॉवरचं बटण दाबून बंद करावं लागलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिचा निष्कर्ष तयार होता: लॅपटॉप गेला. नवा घ्यायचा तर सोळा जीबीचा, आणि त्यासाठी घरी बोलायचं.

"पप्पांना कसं सांगू?" ती म्हणाली. "कापसाचे पैसे अजून यायचेत."

मला कोडिंगमधलं काही कळत नव्हतं. पण एवढं विचारता आलं, की हिशेबात एक जीबी आणि प्रत्यक्षात आठ जीबी पुरेना, मग मधली सात गेली कुठे? बातमीत आकडा जुळला नाही की आमचे सर पहिलं हेच विचारतात.

वहीचं वजन आणि पोत्यांचं वजन

उत्तर शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. तुम्हाला दोन मिनिटांत सांगते.

नंदुरबारचं मिरची मार्केट डोळ्यांसमोर आणा. पथारीवर लाल मिरची वाळत पडलीय. तुम्हाला वाटतं, पायथनची लिस्ट म्हणजे एक मोठं पोतं आणि त्यात आपले नंबर मिरच्यांसारखे कोंबून भरलेले. तसं नसतं. पायथन प्रत्येक मिरचीला स्वतंत्र खोक्यात ठेवतो. खोक्यावर चिठ्ठी असते: आतला माल कुठल्या प्रकारचा, तो सध्या किती जण वापरतायत, आकार किती. सगळी खोकी गोदामात कुठे ना कुठे ठेवलेली असतात. आणि लिस्ट? लिस्ट म्हणजे फक्त वही. कितव्या नंबरचं खोकं गोदामात कुठे आहे, एवढा पत्ता त्यात लिहिलेला.

गेटसाइझऑफने तिला वहीचं वजन सांगितलं होतं. गोदामातल्या मालाची तोलाई झालीच नव्हती.

आता खरी तोलाई. वहीतला एक पत्ता ८ बाइटचा. बारा आकडी पूर्णांकाचं खोकं ३२ बाइटचं. त्यात ८ बाइट 'किती जण वापरतायत' याला, ८ 'प्रकार कोणता' याला, ८ आकाराला, आणि उरलेल्या ८ मध्ये खुद्द नंबर. म्हणजे पत्त्यासकट ४० बाइट खर्ची पडतात आणि त्यातले ८ तेवढे आपल्या कामाचे. काटेकोर बघायला गेलं तर बारा आकडी कुठलाही नंबर ५ बाइटमध्येही मावतो.

पण तिची भानगड याहून मोठी होती. फाइलमधून वाचलेली ओळ पायथनच्या लेखी नंबर नसतेच, तो मजकूर असतो. बारा अक्षरांच्या मजकुराचं खोकं ६४ बाइट जागा अडवतं. वर पत्त्याचे ८. झाले ७२. डिस्कवर फाइलमध्ये हीच ओळ १३-१४ बाइटची होती. तिथून मेमरीत येता येता ती पाचपट फुगली.

नंदुरबारच्या साडेसोळा लाखांना ७२ ने गुणा: १२ कोटी बाइटही होत नाहीत, १२० एमबीच्या आत. आठ जीबीच्या लॅपटॉपला हे खिजगणतीतही नाही, म्हणून जिल्हा चुपचाप बसला. महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटींना गुणा: ८.१ जीबी. लॅपटॉपची रॅमच आठ. त्यातली दोन-तीन जीबी विंडोजने आणि ब्राउझरने आधीच घेतलेली. मग विंडोज हार्ड डिस्कलाच रॅम समजून तिथे माल हलवायला लागतं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पट हळू, म्हणून सगळं गोठल्यासारखं वाटतं. लॅपटॉप बिघडलेला नव्हता. बिचारा हमाली करत होता.

इथे पायथनला शिव्या घालायचा मोह होतो. मलाही झाला. पण ही खोकी उगाच नाहीत. त्यांच्यामुळेच तुम्ही एकाच लिस्टमध्ये नंबर, नाव, तारीख, दुसरी लिस्ट, काहीही टाकू शकता. कुठल्या वस्तूला किती जागा लागेल हे आधी सांगावं लागत नाही. फर्स्ट इयरला सी शिकताना ज्यांनी ॲरेचा आकार आधी ठरवताना डोकं धरलंय, त्यांना या सोयीची किंमत कळेल. छोट्या यादीला ही सोय फुकट पडते. यादी कोटीत गेली की बिल येतं.

आणखी एक गंमत. शून्याच्या दहा कोटी नोंदींची लिस्ट करून बघितलीत तर तिला फक्त ८० कोटी बाइट लागतात, नोंदीमागे ८ च. कारण उणे पाच ते २५६ हे आकडे पायथन सुरुवातीलाच एकदा बनवून ठेवतो आणि सगळ्यांना त्याच खोक्याचा पत्ता देतो. म्हणून "मी तर दहा कोटींची लिस्ट आरामात केली" असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, त्यात होतं काय?

निम्म्या किमतीत, पण कुणाला खाऊन?

कारण कळल्यावर उपाय शोधायला वेळ लागला नाही. मजकुराचे पूर्णांक करून लिस्टमध्ये ठेवले तर राज्य साडेचार जीबीत येतं. विंडोजच्या शेजारी हे आठ जीबीत जेमतेम मावतं, दाटीवाटीने. खोकी काढूनच टाकली, तर? पायथनमध्ये ॲरे नावाचा प्रकार आहे, नमपाय नावाची लायब्ररी आहे. तिथे तुम्ही आधीच सांगता, की यात फक्त ८ बाइटचे पूर्णांक येणार, दुसरं काही नाही. मग खोकं नाही, चिठ्ठी नाही, पत्ता नाही. नंबराला नंबर चिकटून. सव्वाअकरा कोटी नंबर ९० कोटी बाइटमध्ये. तिच्या पहिल्या हिशेबाइतकेच, एक जीबीच्या आत. नंबर चढत्या क्रमाने लावायचे, मग शेजारी शेजारी सारखा नंबर आलाय का बघत जायचं.

इथवर सगळं छान. मग तिच्या वर्गातल्या एकाने आणखी शहाणपणा सुचवला. "आठ बाइट कशाला? फ्लोट थर्टी-टू कर, चारच लागतात. निम्मी मेमरी!" पोरगा हुशार आहे, मशीन लर्निंगवाला. त्या क्षेत्रात हे सर्रास चालतं.

तिने केलं. मेमरी खरोखर निम्मी झाली. आणि प्रोग्रामने सांगितलं, की महाराष्ट्रात नऊ कोटींहून जास्त नंबर डुप्लिकेट आहेत.

हे प्रोजेक्टमधलं मला सगळ्यात हादरवणारं ठिकाण वाटलं, म्हणून इथे जरा थांबू. चार बाइटच्या दशांश प्रकारात साधारण सात आकडेच नेमके राहतात. १,६७,७७,२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक त्याला बरोबर लिहिता येतो, त्यापुढे तो गाळत गाळत जातो. बारा आकडी नंबरांपर्यंत पोचलात, की सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणाऱ्या नंबरांमध्ये दोन शेजारच्या लिहिता येणाऱ्या आकड्यांतलं अंतर असतं ६५,५३६. (तोच आकडा! दोनाचा सोळावा घात, कम्प्युटरमध्ये तो कुठेही भेटतो.) मधले सगळे नंबर जवळच्या आकड्यावर ढकलले जातात. दोन ते नऊने सुरू होणाऱ्या सगळ्या बारा आकडी नंबरांसाठी या प्रकारात मिळून दोन कोटी वेगळे आकडेसुद्धा नाहीत. तिथे तुम्ही सव्वाअकरा कोटी माणसं कोंबली. प्रोग्राम बंद पडला नाही, एरर दिला नाही, लाल अक्षरात काही आलं नाही. शांतपणे उत्तर दिलं.

तिच्या फाइलमधले नंबर खोटे होते. खऱ्या यादीत 'डुप्लिकेट' या शिक्क्याचा अर्थ काय होतो, ते धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. रेशन, स्कॉलरशिप, पेन्शन, सगळं एका नंबराला बांधलेलं. लॅपटॉप हँग होतो तेव्हा निदान काहीतरी चुकलंय हे कळतं तरी.

अशीच एक घरगुती आवृत्ती तुम्ही पाहिली असेल. एक्सेलमध्ये बारा आकडी नंबर टाकला की तो मध्येच ई आणि अकरा असं काहीतरी दाखवतो. तोवर खरा नंबर आत शाबूत असतो. पण फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर दिसतं तेच लिहिलं जातं आणि शेवटचे आकडे कायमचे जातात. असे नंबर टाकण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा. फुकटचा सल्ला आहे, घ्या.

तिने शेवटी केलं काय, तर वेगळंच. मार्गदर्शक सरांनी विचारलं, "अगं, पण तुला सगळं राज्य एकाच वेळी मेमरीत हवंय कशाला?"

तिने फाइल एकेक ओळ करत वाचली. पायथनमध्ये सगळ्या ओळी एकदम न मागता फाइलवरूनच लूप फिरवला, तर एका वेळी एकच ओळ हातात येते, आधीची सोडून दिली जाते. नंबर दोनने सुरू होतोय? दोनच्या फाइलमध्ये लिही. तीनने? तीनच्या. अशा आठ फाइली झाल्या. एकच नंबर दोनदा आला असेल, तर तो दोन्ही वेळा त्याच फाइलमध्ये जाणार, कारण सुरुवातीचा आकडा सारखाच. म्हणजे एका फाइलचा दुसरीशी संबंध उरत नाही. एकेक फाइल उघडायची, तिच्यातले डुप्लिकेट शोधायचे, बंद करायची. एका फाइलमध्ये साधारण १ कोटी ४० लाख नंबर. शोधायला तिने सेट वापरला. सेट लिस्टपेक्षाही खादाड असतो, झटपट सापडावं म्हणून तो बरीच जागा रिकामी राखून ठेवतो. सगळं राज्य एकाच सेटमध्ये घातलं असतं तर पूर्णांक करूनही आठ जीबीच्या जवळ गेलं असतं. आठ भागांत केल्यावर एका वेळी एक जीबीच्या आसपास. ब्राउझर चालू, गाणी चालू, लॅपटॉप कुरकुरला नाही.

आणि हेच पहिल्या दोन आकड्यांवर केलं, तर ८० फाइली होतात. २०११ च्या देशाच्या १२१ कोटींना ८० ने भागा: एका फाइलमध्ये दीड कोटी. म्हणजे त्याच लॅपटॉपवर, त्याच एक जीबीत, अख्खा देश. डिस्कवर सोळा-सतरा जीबीची मूळ फाइल आणि तेवढीच जागा तिच्या तुकड्यांना, एवढं पाहिजे, आणि रात्रभर थांबायची तयारी.

ज्यांना गणिताची खाज आहे त्यांच्यासाठी एक जादा तुकडा. आधारचा बारावा आकडा हा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, लिहिताना झालेली चूक पकडायला. याकोबस वेरहूफ या डच गणितज्ञाची १९६९ ची पद्धत आहे ती. म्हणजे शक्य असलेले नंबर ८ हजार कोटीच. प्रत्येक शक्य नंबराला एकच बिट द्या: असेल तर एक, नसेल तर शून्य. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १० जीबी. आणि १२१ कोटी नंबर ८ बाइटच्या ॲरेत ठेवले तर ९.७ जीबी. दोन्ही जवळपास सारखेच निघतात! फरक एवढाच, की यादी वाढली तरी बिटांची पाटी वाढत नाही.

आता निकाल. मुद्दाम घातलेले डुप्लिकेट एक हजार. जिल्ह्याच्या फाइलमध्ये ते हजारच्या हजार सापडले होते, वर एक जादा, तो तिने दुर्लक्षित केला होता. राज्याच्या फाइलमध्ये सापडले जवळपास नऊ हजार.

ती रडायचीच बाकी होती. परत फ्लोटसारखं काहीतरी! पण नाही, या वेळी प्रोग्राम बरोबर होता. ८० हजार कोटी शक्य नंबरांमधून सव्वाअकरा कोटी डोळे मिटून उचलले, तर त्यातले काही आपोआपच दोनदा उचलले जातात. वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो ना, तसंच. गणिताने सुमारे ७,९०० जोड्या निघायला हव्यात, आणि जिल्ह्यासाठी तेच गणित केलं तर एखाददुसरी. माणसं ६८ पट झाली की मेमरी ६८ पटच वाढते. योगायोग मात्र ६८ गुणिले ६८ पट, म्हणजे साडेचार हजार पटींहून जास्त.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तिने यावर एक वेगळं प्रकरण लिहिलंय. व्हायव्हा पुढच्या आठवड्यात आहे. नव्या लॅपटॉपचा विषय घरी निघालाच नाही.